आवणीचं दुखणं

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शरीररचनेच्या पहिल्याच तासाला मॅडमनी विचारलं, "खरंखुरं यकृत कोणी पाहिलंय?"

मी हात वर केला आणि सवयीने उभीही राहिले. आश्रमशाळेत बसून उत्तर दिलेलं चालत नसे.

"कुठे पाहिलंस?"

"घरी, मॅडम. बकऱ्याचं."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "आणखी काय काय पाहिलंस?"

मी सांगत गेले. फुप्फुस, गुर्दे, तिल्ली, हृदय. आतडी धुवायचं काम लहानपणापासून माझ्याकडेच असायचं, तेही सांगितलं. मागून कोणीतरी "शी" म्हणालं. मॅडम म्हणाल्या, "हिचा अर्धा अभ्यासक्रम झालेला आहे. तुम्ही बसा नाकं मुरडत."

त्या दिवशी मला वाटलं, हा विषय आपल्याला जमेल. वस्तू ओळखीच्याच होत्या, नावं तेवढी नवी होती. ही समजूत फार दिवस टिकली नाही.

मी मोखाडा तालुक्यातली. सूर्यमाळच्या डोंगरावर जे पाडे विखुरलेले आहेत त्यांतल्या एकावर आमचं घर. शाळा जव्हारच्या बाजूला, आश्रमशाळा. दहावीपर्यंत तिथेच जेवले, झोपले आणि शिकले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली आणि आता पदवी मिळवलेलीही पहिलीच. मला पुढे ढकलणाऱ्यांचे उपकार मी विसरलेले नाही. विज्ञानाचं पुस्तक उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी न्यायला देणाऱ्या बाई होत्या. वसतिगृहात ताटात नेहमी थोडा जास्त भात वाढणाऱ्या मावशी होत्या. आणि सगळ्यांच्या आधी माझा दादा. दर सुट्टी संपली की माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तो मला एसटीपर्यंत सोडायला यायचा. ही हकीकत त्याची आहे.

पण आधी त्या विषयाबद्दल सांगते, कारण तो विषय नसता तर दादाचं काय झालं असतं याचा विचार मला आजही करवत नाही.

काही दिवसांनी आम्हाला एका वैद्यकीय महाविद्यालयात देह बघायला नेलं. कोणा वृद्ध गृहस्थांनी मरणाआधी आपलं शरीर शिकणाऱ्यांसाठी द्यायचं ठरवलं होतं. आत गेल्यावर सगळ्यांनी हात जोडले. औषधाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कोण रडतंय आणि कोणाला वास झोंबतोय ते कळत नव्हतं. पोट उघडलेलं होतं. पण मला धक्का बसला तो त्यांच्या हाताकडे बघून. नखं नीट कापलेली होती. मरायच्या आधी कधीतरी कोणीतरी बसून ती कापली असणार. बकऱ्याचं काळीज बघितलेल्या मला इतका वेळ काही वाटलं नव्हतं. ती नखं बघितली आणि मी मागे सरकले.

आमच्याकडे प्रेताला हात लागला की अंघोळ केल्याशिवाय घरात येत नाहीत. मी वसतिगृहात आल्या आल्या अंघोळीला गेले आणि अर्ध्या बादलीत आटोपलं. खोलीतली मैत्रीण म्हणाली, "अगं, नळ आहे ना, भर की पूर्ण." तिला कसं सांगू? आमच्याकडे मार्च उजाडला की बायका हंडे घेऊन दरीतल्या विहिरीशी रांगेत बसतात. पूर्ण बादली अंगावर ओतायला माझा हातच धजत नसे.

त्यानंतर धक्के बसतच राहिले. रक्त हाडांच्या आत तयार होतं, हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वेळ स्वतःच्या नडगीवर हात ठेवून बसले. हृदयाला कोणी सांगायला लागत नाही, ते आपलं आपण धडधडतं. फुप्फुसं पसरली तर बॅडमिंटनच्या मैदानाइतकी होतील, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा माझा विश्वास बसला नाही. एवढं सगळं माझ्यात आहे, आईत आहे, रस्त्यावरच्या भिकाऱ्यात आहे आणि कोणालाच त्याचा पत्ता नाही. मी जेवताना थांबायचे. घास कुठे गेला असेल याचा विचार करायचे. मैत्रिणी म्हणायच्या, "हिला शरीररचना चढली."

एके दिवशी मॅडमनी प्लीहा शिकवली. प्लीहा म्हणजे आमची तिल्ली. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आड लपलेली. मॅडमनी पुतळ्याच्या डाव्या कुशीवर खडूने तिची सीमा काढली. "नववी ते अकरावी बरगडी. निरोगी माणसाची हाताला लागत नाही. सुजली तर बरगडीच्या खाली उतरते, मग हाताला लागते. बोटांनी चाचपा."

आम्ही एकेक करून पुतळ्याला चाचपत होतो. माझी पाळी आली. बरगडीच्या खाली बोटं ठेवली आणि मी हात मागे घेतला.

त्याच जागी दादाच्या पोटावर तीन डाग आहेत. एकाखाली एक, पांढुरके, गुळगुळीत. तो लहान असताना त्याच्या पोटात डाव्या बाजूला गोळा यायचा, ताप यायचा, डोळे पिवळे व्हायचे. तेव्हा पाड्यावर औषधपाणी करणाऱ्या म्हाताऱ्याने, ज्याला सगळेच आजा म्हणतात, त्याने तापवलेल्या सळईने ते दिले होते. आमच्याकडे पोटाच्या दुखण्याला असा डाग देतात. डाग दिला की आतलं दुखणं चटक्याला घाबरून पळतं, असं म्हणतात. दुखणं गेलं नव्हतं. दादाचं ओरडणं मात्र मला आठवत होतं. मी तेव्हा फार लहान होते, तरी आठवत होतं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही, मॅडम."

मला खरंच काही नीट कळलं नव्हतं. एवढंच वाटलं की या पुतळ्यावर खडूने जी रेघ काढली आहे ती माझ्या भावाच्या अंगावर आधीच काढलेली आहे.

आता दादाबद्दल. तो माझ्यापेक्षा मोठा. आठवीत शाळा सोडली, कारण थंडीत आश्रमशाळेत आजारी पडायचा आणि महिना महिना घरी राहायचा. घरी आला की बरा व्हायचा. बांबूच्या कामात त्याचा हात असा चालायचा की टोपली, कोंबड्यांचं खुराडं, मासे धरायची मळई, काहीही द्या, करून देणार. लग्नात तारपा वाजायला लागला की हा सगळ्यांत पुढे. पण आवणी आली की आजारी.

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात पुन्हा लावायची. पाऊस पडत असतो, गुडघाभर गार पाण्यात दिवसभर वाकून उभं राहावं लागतं. घरातलं चालतंफिरतं प्रत्येक माणूस त्यात लागतं. पहिले दोन दिवस दादा लावायचा. तिसऱ्या दिवशी त्याचे पाय आणि कंबर असं दुखायला लागायचं की बांधावर आडवा व्हायचा. दरसाल. बाबा चिखलातून ओरडायचे, "ऊठ रे कामचोरा. रोपं काय तुझा आजा लावील?" शेजारच्या खाचरातले लोक हसायचे. आवणीच्या आधी पाड्यावर लोक एकमेकांना विचारायचे, "आवणी जवळ आली. याचे हातपाय कधी संपावर जाणार?" कोणी त्याला 'पाहुणा' म्हणायचं, कारण तो बांधावर पाहुण्यासारखा पडलेला असायचा. दादा हसून घ्यायचा. चार-आठ दिवसांनी उठायचा, तोवर आवणी संपलेली. पाड्यावर सगळ्यांना हे दुखणं माहीत होतं आणि सगळ्यांना त्याचं कारणही माहीत होतं: आळस.

एकदा पाड्यावर रक्त तपासायला माणसं येऊन गेली होती म्हणे. आम्ही तेव्हा भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला होतो, आमची तपासणी हुकली.

त्या वर्षी आमचे प्रवेश उशिरा झाले होते. त्यामुळे रक्ताचं प्रात्यक्षिक आलं तेव्हा जुलै उजाडला होता. आपापल्याच बोटाला टोचायचं, आपलंच रक्त तपासायचं. आधी हिमोग्लोबिन, मग रक्तगट. मग मॅडम म्हणाल्या, "आपल्यात डोंगराकडच्या मुली आहेत. आपण सिकलसेलचीही साधी चाचणी करू. नळीतल्या औषधात रक्ताचा थेंब टाका, थोडा वेळ थांबा, मागे रेघा मारलेला कागद धरा. रेघा दिसल्या तर काळजी नाही."

मैत्रिणीच्या नळीतून रेघा दिसल्या. माझ्या नळीतून दिसल्या नाहीत. ताकात बघावं तसं सगळं धूसर. मला वाटलं मी औषध चुकीचं टाकलं. पुन्हा केलं. पुन्हा धूसर. मॅडमनी नळी उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस. पुढची तपासणी करू. बहुतेक तू वाहक असशील. वाहकाला सहसा त्रास नसतो."

त्या मला फळ्याजवळ घेऊन गेल्या आणि समजावू लागल्या. काही लोकांच्या लाल पेशी गोल राहत नाहीत, वाकतात, विळ्यासारख्या होतात. बारीक नसांमध्ये अडकतात. पुढे रक्त जात नाही. हाडांना, सांध्यांना रक्त मिळालं नाही की असह्य दुखतं. मोडक्या पेशी प्लीहेत जमतात, लहानपणापासून ती सुजते. पेशी लवकर मरतात म्हणून डोळे पिवळे दिसतात. आईबाप दोघे वाहक असले तर एखाद्या मुलात हा आजार पूर्ण येतो. "तुझ्या घरी कोणाला सांधेदुखी आहे? कावीळ?"

मी वेगळाच प्रश्न विचारला. "मॅडम, हे दुखणं थंडीने वाढतं?"

"थंडीने वाढतं. पाणी कमी प्यायल्याने, तापाने, अंग मोडून काम केल्यानेही वाढतं."

"गुडघाभर गार पाण्यात दिवसभर उभं राहिलं तर?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "असं कोण उभं राहतं?"

आमच्या बांधावर पडलेला दादा, चिखलातून ओरडणारे बाबा, हसणारी शेजारची माणसं, हे सगळं मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा बघितलं होतं. त्याच्या आत काय चाललं होतं ते त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. तो तिथे हसत पडलेला असताना त्याची हाडं रक्तावाचून तडफडत होती.

आमच्या पाड्यावर फोनला रेंज एकाच ठिकाणी मिळते, वरच्या कातळावर. प्रयोगशाळेतून बाहेर येऊन मी दादाचा नंबर लावला. लागला, पण उचलला आईने. ती मलाच फोन करायला कातळावर आली होती.

"काय झालं, आई?"

"तुझ्या दादाला बरं नाय. पाय दुखतात ते दरसालचं. आवंदा छातीत पण दुखतं म्हणतो. ताप आहे. दम लागतो."

"दवाखान्यात न्या त्याला. एकशे आठला फोन कर, गाडी येईल."

"गाडी सडकेपर्यंत येईल. ओहोळाला पाणी आहे, त्याला उचलून न्यायला चार माणसं लागतील, आणि चारही चिखलात आहेत. बापूस म्हणतो, आवणी अर्धी राहिलीय, एवढी उरकू दे. उद्या दुपारी आजा येतोय डाग द्यायला."

"डाग देऊ नका, आई. मी पहाटेच्या गाडीने येते. त्याला ऊब दे, घोंगडी घाल. पाणी पाज, भरपूर पाज."

"पावसाचं पाणी पाजू?" आई गोंधळली होती. "आधीच भिजलाय तो."

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी छातीत दुखण्याबद्दल पुन्हा विचारलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या एवढंच म्हणाल्या, "सुट्टीचं मी बघते. तू त्याला घरी ठेवू नकोस. कोणी काही म्हणो, ठेवू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकच्या पुढे घाट उतरताना धुकं इतकं होतं की चालकाने दिवे लावले होते. मी पूर्ण रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. शिकलेली वाक्यं येत होती, घरची येत नव्हती. हिमोग्लोबिनला आमच्या घरात काय म्हणतात? वाहकाला काय म्हणतात? आमच्या घरच्या बोलीत हे शब्दच नाहीत.

घरी पोचले तेव्हा चूल पेटलेली होती आणि आजा तिच्यापुढे बसला होता. सळईचं टोक निखाऱ्यांत होतं. दादा भिंतीकडे तोंड करून घोंगडीत पडला होता. त्याचा श्वास दारातून ऐकू येत होता.

आजा म्हणाला, "आली डॉक्टरीण. ये. माझी सळई तापली बघ. तुझी सुई तापली का?"

दादाने मान वळवली. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. तरी तो बोललाच. "तिची सुई गार असते, आजा. तुझ्या सळईपेक्षा बरी."

मी जवळ बसले. घोंगडीखाली हात घालून त्याच्या डाव्या कुशीत बोटं ठेवली, मॅडमनी शिकवलं होतं तशी. तीन डाग बोटांना लागले आणि त्यांच्या खाली ती लागली. टणक. बरगडीच्या बाहेर आलेली. पुतळ्यात लागली नव्हती.

बाबा जेवायला वर आले होते. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. मला बघून त्यांना आनंद झाला होता, पण तो त्यांनी दाखवला नाही. "कॉलेज सोडून आलीस? याच्यासाठी?"

"बाबा, याला आत्ता जव्हारला न्यायचं. मोठ्या दवाखान्यात."

"आवणी झाली की नेऊ."

"तोवर उशीर होईल."

"मग तू शिकलीस ना, मला एक सांग." बाबा उंबऱ्यावर बसले. "याला बरं आवणीलाच दुखतं? लग्नात नाचताना नाय दुखत. मोह वेचताना नाय दुखत. चिखलात पाय घातला की दुखतं."

"चिखलात पाय घातला म्हणूनच दुखतं, बाबा."

"आमचे पाय काय सडकेवर आहेत?"

आजा हसला. मला रडू यायला लागलं होतं, पण मी बोलत राहिले. म्हणाले, खाचराच्या तोंडाला काटक्या अडकल्या की खालच्या खाचराला पाणी जात नाही, तसं याचं रक्त अडकतं. गार पाण्यात उभं राहिलं की जास्त अडकतं. तुमचं अडकत नाही, कारण तुमचं रक्त पूर्ण तसं नाही. याचं पूर्ण तसं आहे. आता ते छातीत अडकलंय.

"पूर्ण तसं नाही म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"तुमच्यात अर्धं आहे. आईच्यात अर्धं आहे. माझ्यातही आहे. मी काल माझं रक्त नळीत घालून बघितलं. याला दोन्हीकडून आलं, म्हणून याला पूर्ण."

वर्गात हे एक साधं वाक्य होतं. परीक्षेत त्याला गुण असतात. घरात ते बोलल्यावर काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. आई चुलीजवळ उभी होती, ती खाली बसली. बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्यात पण?" ती म्हणाली, "मला काय माहीत." मग बाबा माझ्याकडे वळले. त्यांचं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं. मार बसल्यावर लहान मूल क्षणभर रडत नाही, तसं.

"म्हणजे हे मी दिलं याला?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा."

"मी दिलं, आणि मीच..."

ते उठून पावसात निघून गेले. मला वाटलं, खाचराकडे गेले, आता येणार नाहीत. आजाने सळई निखाऱ्यांतून काढून सारवलेल्या जमिनीवर ठेवली. दादाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

बाबा परत आले ते गोठ्यातला लांब बांबू घेऊन. आईला म्हणाले, "चादर दे, जाड." दोघांनी चादरीची झोळी बांबूला बांधली. दादाला तिच्यात ठेवलं, वरून प्लास्टिकचा कागद टाकला. "धर," बाबा आजाला म्हणाले, आणि डाग द्यायला आलेल्या आजाने दुसरं टोक खांद्यावर घेतलं. ओहोळाशी खाचरातली माणसं भेटली. कोणीतरी म्हणालं, "पाहुणा पालखीत बसला काय?" बाबांनी नुसतं बघितलं. मग ती माणसंही पाण्यात उतरली, त्यांनी खांदा दिला आणि आम्ही ओहोळ पार केला. आमच्या मागे अर्धी लावलेली खाचरं तशीच होती. उपटलेल्या रोपांच्या मुठी पाण्यात तरंगत होत्या.

सडकेवरून गाडीने जव्हार गाठलं. दवाखान्यात सगळं भराभर झालं. प्राणवायू लावला, सलाईन लावलं, दुखणं थांबवायचं औषध दिलं, रक्त तपासायला गेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं तेव्हा त्यांची बोटं बरोबर त्या तीन डागांवर होती. संध्याकाळी त्यांनी मला बाहेर बोलावलं. मी नर्सिंगला आहे हे त्यांना आईने तोपर्यंत दोन-तीनदा सांगून झालं होतं. सिकलसेलच होता, पूर्ण. छातीपर्यंत पोचला होता. "आज आणलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. उद्या आणलं असतं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला ते पुस्तकात वाचता येत होतं.

तिसऱ्या दिवशी दादाचा दम कमी झाला. रक्त चढवलं होतं, ओठांना रंग आला होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. पेशी कशा वाकतात, गोळ्या रोज घ्यायच्या आहेत, पाणी जास्त प्यायचं आहे, थंडीत भिजायचं नाही. तो छताकडे बघत ऐकत होता. माझं बोलणं संपलं तेव्हा त्याने विचारलं, "म्हणजे मी आळशी नव्हतो ना?"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

"आवणी जवळ आली की माझ्या पोटात भीती उठायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, मला काम नको असतं, म्हणून माझं मनच पाय दुखवतं. लोक म्हणतात ते खरंच असेल. मी स्वतःला शिव्या द्यायचो पडल्या पडल्या. ऊठ म्हणायचो. उठता यायचं नाही."

देह बघितला त्या दिवशी, नळी धूसर झाली त्या दिवशी बसला, त्यापेक्षा मोठा धक्का मला त्या वाक्याने बसला. हाडं रक्तावाचून तडफडत असताना हा माणूस स्वतःलाच कामचोर म्हणत होता. पाड्याचं सोडा, बाबांचं सोडा. त्याचं स्वतःचंही स्वतःबद्दल तेच मत झालं होतं, आणि तरी दर सुट्टीला त्याने माझी पेटी डोक्यावर घेतली होती.

"नव्हतास," मी म्हणाले. "कधीच नव्हतास."

मागे बाबा दारात उभे होते. हातात दादासाठी आणलेला चहा होता. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते आत आले, चहा खाली ठेवला आणि दादाच्या पायांशी बसले. पांघरूण बाजूला करून त्याचं पाऊल हातात घेतलं. चोळलं नाही, दाबलं नाही, नुसतं धरून ठेवलं. दादा म्हणाला, "बाबा, गुदगुल्या होतात." बाबांनी सोडलं नाही.

त्या वर्षी आमचं अर्धं भात लागलंच नाही.

पुढे बाबांचं आणि आईचं रक्त तपासलं, दोघेही वाहक निघाले. रिपोर्ट ऐकून आईने मला विचारलं, "मग तुझ्या लग्नात पण मुलाचं रक्त बघायचं?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "बघू हां. आधी रक्त, मग बाकीचं." डॉक्टरांनी दादाला रोज भरपूर पाणी प्यायला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला होता. उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी मोजून प्यावं लागतं. पण पुढच्या उन्हाळ्यात मी घरी गेले तेव्हा कोपऱ्यात एक वेगळी कळशी दिसली, झाकण ठेवलेली. ती दादाची. कोणी तिला हात लावायचा नाही. त्या एका कळशीसाठी आई दरीत एक खेप जास्त करत होती. आजाही एकदा आपल्या नातवाला घेऊन दारात आला होता. म्हणाला, "याचे डोळे बघ गं जरा. पिवळे वाटतात."

शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत मला प्लीहेबद्दल विचारलं. मी जागा सांगितली, काम सांगितलं, ती कशाने सुजते ते सांगितलं. परीक्षक म्हणाले, "छान पाठ केलंय." मी मान हलवली.

पुढच्या आवणीला मी दोन दिवसांची सुट्टी काढून घरी गेले. दादा बांधावर बसला होता, कोरडा, डोक्यावर इरलं. स्वतः विणलेलं. सगळ्यांचं जेवण राखायचं आणि गुरं रोपांत शिरू द्यायची नाहीत, हे त्याचं काम ठरलं होतं. मी, आई आणि बाबा चिखलात वाकून लावत होतो. कुठेतरी बांध फुटला आणि खाचराचं पाणी निघून जायला लागलं. दादाने बघितलं, इरलं बाजूला ठेवलं आणि फावडं घेऊन पाण्यात उतरला.

बाबा खालच्या टोकाला होते. तिथून त्यांचा आवाज आला. सगळ्या खाचरांना ऐकू जाईल असा, लहानपणापासून मी ऐकत आले होते तोच.

"वर हो रे, गाढवा. पाय काढ पाण्यातून. बांध काय तुझ्या बापाला घालता येत नाय?"

"हां, हां, होतो," दादा म्हणाला.

तो वर आला. बाबा चिखल तुडवत तिथवर गेले, त्याच्या हातातून फावडं घेतलं आणि बांध घालायला लागले. दादा वरून कुठे माती कमी पडते ते सांगत होता आणि बाबा ऐकत होते.